प्रतिध्वनी आणि अर्थ : स्वमग्नतेच्या निदानातील भाषेचा प्रश्न

साहित्याच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या प्रांतात शिरावे, हे सकृद्दर्शनी अनधिकाराचे वाटेल. तो आक्षेप मान्य करूनच हा लेख लिहीत आहे. निमित्त घरगुती आहे. मी सध्या ज्या विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून शिकवितो, त्याच्या निवासवसाहतीत माझ्या शेजारी एक मराठी कुटुंब राहते : आई, वडील, आजी आणि सहा वर्षांचा मुलगा. भोवतालचा व्यवहार हिंदीत चालतो, शाळेचा इंग्रजीत, घरचा मराठीत. मुलास चौथ्या वर्षी स्वमग्नतेचे, म्हणजे वैद्यक ज्यास ऑटिझम म्हणते त्या अवस्थेचे, निदान झाले. हा मुलगा अधूनमधून मोठ्याने विचारतो, "सांडशी कुठे गेली?" वरातीचा बँड वाजू लागला की विचारतो, शेजारी भिंतीला छिद्र पाडू लागले की विचारतो, वर्गात मुलांचा गलका झाला की विचारतो. ज्या उपचारकेंद्रात त्यास नेले जाई, तेथील टिपणात ह्या वाक्याची नोंद 'अर्थहीन शब्दांचा वापर' अशी झाली. आणि मुलाच्या डोक्यात तीन भाषांचा गोंधळ होत आहे, तेव्हा घरी मराठी बंद करून केवळ इंग्रजी बोलावे, असा सल्ला देण्यात आला. आजींना मराठीवाचून दुसरी भाषा येत नाही.

वाक्याचा उलगडा आईने केला. मुलगा अडीच वर्षांचा असताना एकदा दूध उतू जाऊ लागले, आजी "सांडशी कुठे गेली?" म्हणून ओरडल्या, आणि घाईत पातेले फरशीवर आदळले. तो आवाज मुलास असह्य झाला. तेव्हापासून कोणताही असह्य आवाज म्हणजे "सांडशी कुठे गेली?". घरातील तिन्ही वडीलधाऱ्यांना हे ठाऊक होते. केंद्रात मात्र ते कोणी विचारले नाही.

ह्या प्रसंगात स्वमग्नतेच्या शास्त्राचा जवळजवळ सारा इतिहास सामावलेला आहे असे मला वाटते. अमुक बोलणे निरर्थक आहे असे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो कोणत्या भाषेत बजावला जातो, हा त्यातील मूळ प्रश्न आहे. तो आपल्या अभ्यासविषयापासून दूर नाही.

'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर ह्यांनी ग्रीक 'आउटोस', म्हणजे 'स्वतः', ह्यावरून घडविला. परंतु त्यांचा रोख प्रौढांच्या छिन्नमनस्कतेवर होता. लहान मुलांतील एका स्वतंत्र अवस्थेची वर्णने पुढे तीन ठिकाणी झाली. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा ह्यांनी सहा मुलग्यांविषयीचा निबंध १९२५ साली रशियनमध्ये आणि १९२६ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध केला. तो दीर्घकाळ विस्मृतीत राहिला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील लिओ कॅनर ह्यांनी १९४३ साली अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. व्हिएन्नाचे हान्स आस्पेर्गेर ह्यांचा निबंध १९४४ चा. आस्पेर्गेर ह्यांचे नाव लॉर्ना विंग ह्यांनी १९८१ साली इंग्रजी वैद्यकात रूढ केले. परंतु नाझी राजवटीतील बालहत्येच्या योजनेशी त्यांचे सहकार्य होते हे २०१८ साली कागदपत्रांच्या आधारे पुढे आले, आणि ते नाव घेताना आता अनेकजण अडखळतात.

ह्या तिघांपैकी कॅनर ह्यांचा निबंध भाषेच्या अभ्यासकाने मुळातून वाचावा असा आहे. त्यात मोजमापे थोडी आणि ऐकलेली वाक्ये पुष्कळ आहेत. अकरांपैकी आठ मुले बोलत होती. पण बोलणे आणि संवाद साधणे ह्यांत अंतर आहे, हे त्यांच्या उच्चारांवरून कॅनर ह्यांच्या ध्यानात आले. पहिल्या मुलाचे, डॉनल्डचे, उदाहरण घ्या. खांद्यावर बसावयाचे आहे का, असे वडिलांनी विचारले की तो होकारादाखल प्रश्नच परत म्हणे. वडिलांनी सांगितले, हवे असेल तर 'हो' म्हण, नको असेल तर 'नाही'. मुलगा 'हो' म्हणाला. त्यानंतर कित्येक महिने त्याच्या लेखी 'हो' ह्या शब्दाचा अर्थ एकच होता : मला खांद्यावर घ्या. संकेत शिकला गेला, पण तो ज्या प्रसंगी शिकला त्या प्रसंगापासून सुटा झाला नाही.

कॅनर ह्यांनी १९४६ साली ह्या मुलांच्या 'असंबद्ध आणि रूपकात्मक' भाषेवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात एक मुलगा येतो. हातातली वस्तू फेकण्याची ऊर्मी झाली की तो स्वतःलाच बजावी, की कुत्र्याला गच्चीवरून खाली टाकू नये. खोलीत कुत्रा नसे, गच्चीही नसे. फार पूर्वी इंग्लंडातील एका हॉटेलात त्याने खेळण्यातला कुत्रा वरून पुनःपुन्हा खाली टाकला होता, आणि तो उचलून आणता आणता थकलेल्या आईने त्यास तसे बजाविले होते. कॅनर ह्यांचे म्हणणे असे की हे बोलणे ऐकणाऱ्याच्या दृष्टीने असंबद्ध असले तरी बोलणाऱ्याच्या दृष्टीने तसे नसते. कवीच्या रूपकाप्रमाणेच येथेही अर्थाचे स्थलांतर झालेले असते, मात्र त्याचे मूळ खाजगी असल्याने ऐकणाऱ्यास वाट सापडत नाही.

आपल्याकडील साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही गोष्ट अधिक नेमकेपणाने मांडता येते. लक्षणेसाठी मम्मटाने तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. बँड वाजत असता सांडशी विचारली जाते तेव्हा मुख्यार्थाचा बाध उघड आहे. संबंधही आहे, पण तो केवळ एका स्वयंपाकघरातील तीन माणसांना ठाऊक आहे. रूढी नाही. प्रयोजन मात्र आहे, आणि निकडीचे आहे : हा आवाज थांबवा. लक्षणेची सामग्री येथे आहे, केवळ तिचा सहृदय समाज तीन माणसांचा आहे.

ह्या जाणिवेचा पुढे बरीच वर्षे विसर पडला, आणि त्याची किंमत असंख्य आयांनी मोजली. १९४३ च्या निबंधाच्या शेवटी कॅनर ह्यांनी ही अवस्था जन्मजात असल्याचे म्हटले होते. पण त्याच निबंधात ह्या मुलांच्या आईबापांच्या थंडपणाविषयीही काही शेरे होते, आणि पुढे ते शेरे वाढले. मनोविश्लेषणाचा अमेरिकेतील तो भरतीचा काळ होता. शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम ह्यांनी १९६७ साली 'द एम्प्टी फोर्ट्रेस' हा ग्रंथ लिहून स्वमग्नतेचे मूळ आईच्या नकारात असल्याचे मत लोकप्रिय केले. बेटेलहाइम स्वतः नाझी छळछावणीतून सुटून आलेले. छावणीतील कैद्याची आणि ह्या मुलांची अवस्था त्यांना समांतर वाटली. मूल स्वतःस 'मी' न म्हणता 'तू' म्हणते, ह्यात त्यांना 'मी'चा नकार दिसला. हवामानाचे वेड असलेल्या एका मुलीच्या बोलण्यातील 'वेदर' हा इंग्रजी शब्द त्यांनी 'वी', 'ईट', 'हर' असा फोडला, आणि आई आपल्याला खाऊन टाकील ही भीती त्यात वाचली. आपल्याकडे सभंग श्लेषाला एवढे स्वातंत्र्य कोणत्याही टीकाकाराने घेतले नसते. संहितेतील प्रत्येक अक्षर आपल्या सिद्धान्ताची साक्ष देते असे मानणारा वाचक साहित्यात उपद्रवी असतो; रुग्णालयात तो घातक ठरतो, कारण तेथे त्याच्या वाचनावरून मुलांना आईपासून दूर ठेवले जाते.

सर्वनामांच्या ह्या उलटापालटीचा अधिक साधा उलगडा कॅनर ह्यांनी आरंभीच दिला होता : मूल वाक्य जसे ऐकते तसे ते अखंड उचलते. "तुला पाणी हवं का?" ह्या प्रश्नानंतर पाणी मिळते, म्हणून पाणी हवे असले की तेच वाक्य, त्याच स्वरात. एकोलेलिया म्हणतात तो हा प्रतिध्वनी. तो केवळ यांत्रिक नसतो हे बॅरी प्रिझंट आणि ज्यूडिथ डूकन ह्यांनी १९८१ साली दाखवून दिले. चार मुलांच्या हजारावर प्रतिध्वनित उच्चारांचे चित्रमुद्रण त्यांनी तपासले आणि त्यांत सात निरनिराळी कार्ये ओळखली : बोलण्यातील आपली पाळी पाळणे, होकार देणे, मागणी करणे, स्वतःच्या कृतीचे नियमन करणे इत्यादी. हे ओळखण्यासाठी त्यांनी उच्चारासोबत मुलाची नजर, हालचाल आणि आधीचा प्रसंग ही सारी पाहिली. आज त्यांची पद्धत स्वाभाविक वाटते. पण तोपर्यंत प्रतिध्वनी हा पुसून टाकावयाचा दोष आहे असेच अनेक उपचारपद्धती मानीत.

आईवरील आरोप भाषेच्या अधिक चांगल्या वाचनाने मात्र दूर झाला नाही. तो जीवशास्त्राने दूर केला. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड ह्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून ही अवस्था मज्जासंस्थेची असल्याचे प्रतिपादन केले. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर ह्यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. ११ जोड्या एकबीज होत्या, त्यांपैकी चारांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली. द्विबीज अशा १० जोड्यांत एकही तशी निघाली नाही. संख्या लहान, पण दिशा स्पष्ट. २०१९ साली पाच देशांतील वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून लोकसंख्येतील ह्या भेदाचा सुमारे ८० टक्के भाग अनुवंशाने स्पष्ट होतो असे अनुमान निघाले.

अनुवंश म्हटले की एखादे एकच जनुक असावे असे वाटते. तसे ते नाही. शंभराहून अधिक जनुकांतील दुर्मीळ बदल स्वमग्नतेशी जोडले गेले आहेत, आणि त्यांखेरीज अतिशय सौम्य परिणामाच्या असंख्य सामान्य भेदांचा एकत्रित वाटा आहे. ज्ञात जनुकांची कार्ये पाहिली तर दोन गट ठळक दिसतात. काही जनुके चेतापेशींमधील सांधे, म्हणजे चेतासंधी, घडविण्याच्या व सांभाळण्याच्या कामी येतात. 'शँक ३' हे त्यांतील प्रसिद्ध. दुसरी, 'सीएचडी ८' सारखी, इतर जनुके केव्हा जागी व्हावीत हे ठरवितात. ह्यांतील बरीचशी गर्भावस्थेच्या मध्यकाळात, मेंदूचे बाह्यक आकार घेत असताना, कार्यरत असतात. म्हणजे मूल आईच्या कुशीत येऊन तिचा चेहरा पाहण्याच्या कितीतरी आधी ह्या कथेचा आरंभ झालेला असतो. लसीकरणाने स्वमग्नता होते हा समज १९९८ साली बारा मुलांवरील एका निबंधातून पसरला. तो निबंध २०१० साली नियतकालिकाने मागे घेतला आणि अनेक देशांतील मोठ्या पाहण्यांत त्यास आधार मिळाला नाही. त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

मेंदूच्या रचनेविषयी मिळालेली माहिती विखुरलेली आहे. काहींच्या लहान मेंदूत विशिष्ट पेशी कमी आढळल्या. थोरले भावंड स्वमग्न असलेल्या अर्भकांचा पाठपुरावा करणाऱ्या २०१७ च्या एका अभ्यासात असे दिसले, की पुढे ज्यांस स्वमग्नतेचे निदान झाले त्यांच्या बाह्यकाचा पृष्ठभाग सहाव्या ते बाराव्या महिन्यांत अधिक वेगाने वाढला होता, आणि दुसऱ्या वर्षी मेंदूचे आकारमानही. परंतु ही सरासरीची विधाने आहेत. एका मुलाच्या मेंदूचे चित्र पाहून हे मूल स्वमग्न आहे किंवा नाही, असे आज कोणी वैद्य व्यवहारात सांगत नाही. रक्ताची तपासणीही ते सांगत नाही. जनुकीय तपासणीने काही मुलांत मूळ कारण सापडते, आणि भंगुर-एक्स किंवा रेट ह्यांसारखे विकार ओळखता येतात. पण तीही निदानाची जागा घेत नाही. निदान आजही मुलाचे वागणे पाहून आणि बोलणे ऐकूनच केले जाते. जीवशास्त्राच्या एवढ्या प्रगतीनंतरही आपण घूमफिरून वाचनापाशीच येतो, आणि माझ्यासारख्याने ह्या विषयावर लिहिण्याचे धाडस करावे ते एवढ्याच आधारावर.

हे वाचन कसे होते ते पाहू. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणाने पूर्वीचे पोटभेद मोडून 'स्वमग्नतेचा वर्णपट' ही एकच कक्षा केली. तिला दोन अंगे आहेत. पहिले सामाजिक संवादाचे : देवघेवीचे बोलणे, नजर-हावभाव आणि नाती, ह्या तिन्हींत अडचण असावयास हवी. दुसरे पुनरावृत्तीचे : एकसुरी हालचाली किंवा उच्चार, ठराविकपणाचा आग्रह, अतिशय केंद्रित आवडी, आणि ध्वनी-स्पर्श-प्रकाश ह्यांविषयी अधिक किंवा उणी संवेदनशीलता, ह्या चारांपैकी किमान दोन. लक्षणे बालपणीच्या आरंभापासून असली पाहिजेत आणि त्यांनी जगण्यात अडथळा आणला पाहिजे. वर्षाच्या सुमारास नावाने हाक मारता मूल वळत नाही, दीड वर्षाच्या सुमारास एखादी गंमत दुसऱ्यास दाखविण्यासाठी बोट करीत नाही, ह्या खुणा पालकांनी आणि वैद्यांनी आवर्जून पाहाव्यात. मागण्यासाठी बोट करणे वेगळे आणि दाखविण्यासाठी करणे वेगळे. दुसऱ्यात 'तूही पाहा' असे आमंत्रण असते.

भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात स्वमग्नतेचा नावाने उल्लेख झाला. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात तो नव्हता. २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत ती समाविष्ट आहे. प्रमाणपत्रासाठी जे भारतीय मापन वापरले जाते, ते सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने २००९ साली सिद्ध केले. त्यात चाळीस बाबी असून प्रत्येकीस एक ते पाच गुण दिले जातात. बेरीज ७० च्या आत असेल तर स्वमग्नता नाही, १५३ च्या वर गेली तर ती तीव्र. चाळिसांपैकी नऊ बाबी वाणी व भाषेच्या आहेत. त्यांत प्रतिध्वनी आहे, अर्थहीन शब्द आहेत, सर्वनामांची उलटापालट आहे. हे मापन आवश्यक होते आणि त्याने अनेकांना हक्क मिळवून दिले, हे आधी नमूद करतो. माझी शंका ह्या नऊ बाबी कोणत्या भाषेत ऐकल्या जातात एवढीच आहे.

सर्वनामांचे उदाहरण घेऊ. 'मी' आणि 'तू' ह्या शब्दांस याकोबसन ह्यांनी १९५७ साली सरकत्या संकेतांच्या वर्गात घातले होते. बोलणारा बदलला की त्यांचा निर्देश बदलतो. स्वमग्न मुलास ते अवघड जातात ते बहुधा ह्या सरकण्यामुळे. अमेरिकी खुणांच्या भाषेत 'मी' म्हणजे स्वतःकडे बोट, 'तू' म्हणजे समोरच्याकडे. तेथे हा गोंधळ होऊ नये. तरीही ती भाषा घरात लाभलेल्या स्वमग्न बधिर मुलांच्या अभ्यासात असे आढळले की ती बोट करण्याऐवजी नावाची खूण वापरणे पसंत करतात. म्हणजे प्रश्न केवळ शब्दाच्या अपारदर्शकतेचा नसावा.

इंग्रजी वाक्यात सर्वनाम बहुधा टाळता येत नाही, म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या मुलाच्या प्रतिध्वनीत उलटापालट लगेच ऐकू येते. मराठीत तसे नाही. आई विचारते, "भूक लागली?" मूल तेच परत म्हणते, "भूक लागली." हे निर्दोष मराठी वाक्य झाले. "झोप येतेय?", "पाणी हवंय?", "बरं वाटतंय?" ह्या सर्वांची तीच गत. ज्यास अनुभव येतो तो चतुर्थीत, आणि तीही बहुधा अध्याहृत; क्रियापद भुकेशी किंवा झोपेशी जुळते. ही रचना हिंदीत आहे, तमिळ-तेलुगूतही आहे. भारतीय भाषांच्या सामाईक वैशिष्ट्यांत तिची गणना होते. लहान मुलाशी आपले निम्मे बोलणे भूक, झोप, थंडी, दुखणे ह्यांविषयीच असते. तेव्हा मराठी मुलाचा प्रतिध्वनी कित्येकदा उत्तरासारखा भासेल, आणि सर्वनाम शोधणाऱ्या परीक्षकाच्या हाती काही लागणार नाही.

खूण दुसरीकडे सापडेल. "जेवलास?" ह्यास "जेवलास" असे उत्तर आले तर सर्वनाम कोठेच नाही, पण क्रियापदाच्या शेवटचा 'स' उलटापालट सांगतो. मुलगा खेळावयास निघताना आईचे "मी येते हं" उचलून "मी येते" म्हणू लागला आणि मोठा होऊनही तेच म्हणत राहिला, तर सर्वनाम बरोबर आणि लिंग चुकलेले. उलट बाजूने, आपल्याकडे मोठी माणसेच मुलांशी बोलताना स्वतःस नावाने किंवा नात्याने संबोधितात : "आई देते हं", "आजी रागावेल". त्यामुळे एखाद्या मुलाने काही काळ स्वतःस नावाने म्हटले, तर त्यात वावगे काही नाही. 'आपण' हा शब्द तर तीन कामे करतो. बोलणारा आणि ऐकणारा दोघांस मिळून, समोरच्यास आदराने, आणि 'स्वतः' ह्या अर्थी. 'आपण' आणि 'आम्ही' ह्यांतील भेद, म्हणजे ऐकणाऱ्यास सामावून घ्यावयाचे की वगळावयाचे हा निर्णय, मराठी मुलास रोज करावा लागतो; हिंदीच्या 'हम'मध्ये तो करावा लागत नाही. समोरच्या माणसाच्या स्थानाचे भान भाषेत इतक्या स्पष्टपणे उमटते, ते निदानकर्त्यास एक आयते साधन आहे. ही सारी निरीक्षणे व्याकरणावरून काढलेली आहेत, रुग्णांच्या पाहणीवरून नव्हेत. पण इंग्रजी बाबीचे भाषांतर म्हणजे मापनाचे भाषांतर नव्हे, एवढे दाखविण्यास ती पुरेशी आहेत.

येथेच आणखी एका समजुतीचा उल्लेख करावयास हवा. स्वमग्न व्यक्तीस लाक्षणिक अर्थ कळत नाही, असे सरसकट म्हटले जाते. "डोकं खाऊ नकोस" म्हटल्यावर भांबावणारी मुले आहेत, हे खरे. परंतु पुढील अभ्यासांनी असे सुचविले आहे, की रूपक कळणे न कळणे हे स्वमग्नतेपेक्षा मुलाच्या एकंदर भाषिक सामर्थ्यावर अधिक अवलंबून असते. ज्यांची शब्दसंपत्ती आणि वाक्यरचना वयानुरूप आहे, त्यांची ही अडचण बरीच कमी होते. दुसऱ्याच्या मनात काय आहे ह्याचा अंदाज ह्या मुलांस येत नाही, हा सिद्धान्त १९८५ च्या लंडनमधील एका प्रयोगाने प्रसिद्ध झाला. बाहुलीची वस्तू तिच्यामागे हलविली, तर ती परत आल्यावर कोठे शोधील? २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी ती प्रत्यक्ष जेथे होती ती जागा दाखविली. प्रयोग नेटका होता. पण २०१२ साली डेमियन मिल्टन ह्या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने विचारले, की न कळणे एकाच बाजूचे आहे काय? स्वमग्न नसलेल्यांस तरी स्वमग्नांचे मन कोठे कळते? सांडशीचे वाक्य निरर्थक ठरविणाऱ्या टिपणापाशी हा प्रश्न अगदी चपखल बसतो.

उपचारांविषयी लिहिताना शब्द जपून वापरावा लागतो, कारण आशेचा बाजार ह्या क्षेत्रात फार मोठा आहे. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर सिद्ध झालेले औषध नाही. रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्राझोल ही औषधे तीव्र चिडचिड व स्वतःस इजा करणे ह्यांवर काहींना उपयोगी पडतात, आणि वजनवाढीसारखे त्यांचे दुष्परिणामही असतात. झोपेसाठी मेलॅटोनिन देतात. अपस्मार असल्यास त्याची औषधे अर्थातच वेगळी. सिक्रेटिन आणि ऑक्सिटोसिन ह्यांविषयी एकेकाळी मोठा गाजावाजा झाला; काळजीपूर्वक घेतलेल्या चाचण्यांत ती टिकली नाहीत.

शिक्षणाच्या मार्गाने होणाऱ्या उपचारांत कॅलिफोर्नियाच्या इव्हार लोव्हास ह्यांचे नाव प्रथम येते. १९८७ च्या निबंधात त्यांनी आठवड्यास चाळीस तास वर्तनशिक्षण दिलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसामान्य शाळेत जाऊ लागल्याचे सांगितले. मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि आरंभीच्या पद्धतीत शिक्षेचाही अंतर्भाव होता. ह्या दोन्हींवर पुढे कठोर टीका झाली. पद्धती पुष्कळ सौम्य झाल्या आहेत. तरी 'सर्वसामान्यांहून वेगळे न दिसणे' हे ध्येय असावे काय, असे आता स्वमग्न प्रौढच विचारतात. मला त्यांचे म्हणणे पटते.

दुसरी दिशा पालकांच्या हातून होणाऱ्या उपचाराची. गोवा आणि रावळपिंडी येथे तिची एक चाचणी झाली; तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांनी तीत भाग घेतला. पंधरवड्यातून एकदा, अशा बारा भेटी. आईबाप मुलाशी खेळतात, त्याचे चित्रमुद्रण होते, आणि मग ते कार्यकर्तीसह पाहावयाचे. मुलाने कशाकडे पाहिले, आपण त्याच्यामागून गेलो की त्यास आपल्याकडे ओढले, हे आईबाप स्वतःच ओळखू लागतात. कार्यकर्त्या तज्ज्ञ वैद्य नव्हत्या. त्यांस खास प्रशिक्षण दिलेले होते. आठ महिन्यांनंतर पालकांचे बोलणे मुलाच्या लक्षाशी अधिक जुळू लागले, आणि मुले आपण होऊन संवादास अधिक वेळा आरंभ करू लागली. सर्वच मोजमापांत लाभ झाला असे नाही. दोघांनी मिळून एका गोष्टीकडे लक्ष देण्याचा काळ उलट घटला. तज्ज्ञ दुर्मीळ असलेल्या देशात ही चाचणी तरीही महत्त्वाची आहे. आणि हा सगळा उपचार म्हणजे आईने मुलाशी बोलणे होय. ते ती कोणत्या भाषेत बोलणार?

एकभाषेचा सल्ला भारतापुरता मर्यादित नाही. परदेशी स्थायिक झालेल्या अनेक समाजांतील पालकांस तो दिला गेला आहे. त्यामागील कल्पना अशी की ज्यास एक भाषा जड जाते त्याच्यावर दोन लादू नयेत. ऐकावयास ती शहाणपणाची वाटते. माँट्रिऑल येथे २०१२ साली ७५ स्वमग्न मुलांचा अभ्यास झाला. त्यांतील ४५ मुलांच्या कानी दोन भाषा पडत होत्या. त्यांच्या भाषाविकासात एकभाषक मुलांपेक्षा अधिक विलंब आढळला नाही, मग दुसरी भाषा जन्मापासून असो वा नंतर आलेली. त्यानंतरच्या अभ्यासांचा कलही तोच आहे. उलट, परक्या भाषेत बोलणारी आई कमी बोलते, तोकडे बोलते, अंगाईगीत गात नाही, चेष्टा करीत नाही. ज्या मुलास देवघेवीचीच अडचण आहे त्याच्या भोवतालची देवघेव आपण सल्ला देऊन आटवितो.

शेजारच्या घरी हेच झाले. सात महिने आजी नातवासमोर जवळजवळ गप्प राहिल्या. "वॉटर", "कम", "नो" एवढे तीन शब्द त्यांनी शिकून घेतले होते. मुलाचे सांडशीचे वाक्य ह्या काळात थांबले, आणि टिपणात त्याची प्रगती म्हणून नोंद झाली. त्याच काळात तो गोंगाट होताच मनगट चावू लागला, ते निराळ्या रकान्यात लिहिले गेले. दोन्ही नोंदी एकाच पानावर आहेत. मी त्या पाहिल्या आहेत.

आता दुसऱ्या ठिकाणी एक वाचातज्ज्ञ त्यास पाहतात. त्या मल्याळम भाषक आहेत आणि त्यांना मराठी येत नाही. पहिल्या भेटीत त्यांनी आईस एक वही करावयास सांगितली : डाव्या पानावर मुलाचे वाक्य जसेच्या तसे, उजव्या पानावर ते प्रथम कोणी, कोठे, केव्हा म्हटले होते. वहीत आजवर एकेचाळीस वाक्ये झाली आहेत. उजव्या पानांपैकी बरीच आजी तोंडी सांगतात आणि सून लिहून घेते. सांडशीच्या वाक्यापुढे तज्ज्ञबाईंनी देवनागरी पाहून पाहून स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली आहे, आणि घरातील सर्वांनी त्या वाक्यानंतर ती म्हणावी असे सांगितले आहे : "आवाज मोठा झाला." गेल्या आठवड्यात जिन्यात कोणाच्या तरी हातून बादली निसटली. मुलगा कानावर हात ठेवून म्हणाला, "सांडशी कुठे गेली, आवाज मोठा झाला." आजींनी आतून उत्तर दिले, "हो रे बाळा, झाला खरा," आणि दार लावून घेतले.